धोरण कागदावर आणि मूल वर्गात : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या पाचही पत्रांचा विषय एकच आहे. माध्यमिक शाळेतल्या मुलाला अभ्यासात अडचण आली किंवा त्याच्या मनावर ताण आला, तर शाळेने काय करायचे असते आणि ते कुठे ठरलेले असते, हे पालकांना आणि शिक्षकांनाही जाणून घ्यायचे आहे. मुंबईतल्या एका अनुदानित शाळेत मी ३२ वर्षे शिकवले, त्यांतली शेवटची ७ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काढली. उत्तरे त्या अनुभवातून आणि लागू असलेल्या कायद्यांच्या आधारे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : सोडतीत नाव निघाल्यामुळे यंदा मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. पहिल्याच सभेत आमच्या हातात विद्यार्थ्यांच्या अध्ययनाविषयी आणि स्वास्थ्याविषयी २४ पानांचे इंग्रजी धोरण देण्यात आले आणि लगेच सह्या घेतल्या गेल्या. शाळा मराठी माध्यमाची आहे. मला ते नीट समजले नाही, पण सभेत विचारायचा संकोच वाटला. अशा धोरणात काय पाहायचे असते?
एक पालक, विक्रोळी

उत्तर : पुढच्या सभेत पहिली मागणी मराठी प्रतीची करा. पालकांना आणि शिपायांना वाचता न येणारे धोरण शाळेत लागू आहे असे म्हणता येत नाही, आणि ही मागणी करण्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

मराठी प्रत हाती आली की पेन्सिल घेऊन बसा. "शाळा प्रयत्नशील राहील", "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल", "आवश्यकतेनुसार मदत दिली जाईल" अशी जेवढी वाक्ये सापडतील त्यांच्याखाली रेघ ओढा, कारण या वाक्यांत कोणी, किती दिवसांत आणि कुठे नोंद करून हे काम करायचे, यांतले काहीच सांगितलेले नसते. त्यांच्या जागी कसे वाक्य हवे ते सांगते : "सलग दोन घटक चाचण्यांत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना वर्गशिक्षक आठ दिवसांत भेटीला बोलावतील, काय ठरले ते नोंदवहीत लिहितील आणि पर्यवेक्षक महिन्याने त्या नोंदीचा आढावा घेतील." अशी दहा वाक्ये असलेले दोन पानांचे धोरण त्या २४ पानांहून अधिक उपयोगी पडेल.

काही गोष्टी शाळेच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत, त्या धोरणात आहेत का ते तपासा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातल्या शैक्षणिक संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांना लाज आणणे संस्थांनी टाळायचे आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी अशा सर्वांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे.

यातला "शिक्षकेतर" हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मी मुख्याध्यापिका असताना एकदा मधल्या सुट्टीत जिन्याखाली डबा खात बसलेल्या सातवीच्या एका मुलाला विचारले, "तुला कोणी त्रास दिला तर तू कोणाला सांगशील?" आमच्या धोरणात पर्यवेक्षकांचे नाव होते, फलकावरही ते लावलेले होते. मुलाने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "शिपाईमामांना." त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात शिपाईमामांना पहिल्या रांगेत बसवले आणि मुलाने त्यांना काही सांगितले तर त्यांनी पुढे कोणाला सांगायचे हे धोरणात लिहून काढले. तुम्हीही तुमच्या शाळेत चार-पाच मुलांना हाच प्रश्न विचारून पाहा. मुलांची उत्तरे आणि धोरणातले नाव जुळत नसेल, तर धोरण बदलावे.

आणखी एक, तक्रारपेटी कुठे टांगली आहे ते पाहा. ती मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात असेल तर त्यात चिठ्ठी टाकताना मूल सर्वांना दिसते आणि मग चिठ्ठी पडत नाही. पेटीची किल्ली कोणाकडे असते आणि ती कोणासमोर उघडली जाते, हेही विचारा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. पहिल्या सत्रात तो चार विषयांत नापास झाला. बोलण्यात तो हुशार आहे, आमच्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब तोंडी सांगतो, पण वाचताना अडखळतो आणि लिहायचे म्हटले की पोटात दुखते म्हणतो. शाळा म्हणते की तो लक्ष देत नाही, नववी कशीबशी पास करू, दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. समजावून पाहिले, रागाच्या भरात मारूनही पाहिले. आता काय करावे ते कळत नाही.
एक वडील, लालबाग

उत्तर : तुम्ही मारल्याचे लपवले नाहीत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. मारणे आजपासून बंद करा आणि त्याबद्दल वाईट वाटल्याचे मुलाला एकदा तोंडाने सांगा. तुमचे पत्र वाचून मला ज्या शक्यतेचा विचार करावासा वाटतो ती खरी असेल, तर त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याने मार खाल्ला आहे.

ही शक्यता अध्ययन अक्षमतेची आहे. बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल सतत मागे पडते, अशी ही स्थिती असते. पत्रावरून तिचे निदान करता येत नाही आणि ते शिक्षकांनीही करू नये, पण संशय येण्याजोगी चिन्हे मात्र शिक्षकांना दिसायला हवीत. माझ्या वर्गातला एक मुलगा "घर्षण" हा शब्द एकाच पानावर "धर्षण", "घषण" आणि "धषर्ण" असा तीन प्रकारे लिहीत असे, "भ" आणि "म" यांत गोंधळ करी आणि फळ्यावरचे उतरवताना मधली ओळच गाळत असे. याच मुलाने एका पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी का तुंबते हे वर्गाला समजावून सांगितले होते. तो भाग बशीसारखा खोलगट आहे, चारी बाजूंचे पाणी तिथे उतरते आणि समुद्राला भरती असली की पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही, हे त्याने हाताची ओंजळ करून दाखवले. त्याच प्रश्नाला लेखी परीक्षेत त्याने दीड ओळ लिहिली आणि मी त्याला पाचपैकी एक गुण दिला. "आळस सोड" असा शेरा मी स्वतः लाल शाईने लिहिला होता. ते पान मला अजून आठवते आणि म्हणूनच तुमच्या मुलाच्या शिक्षकांनी घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या, कारण चष्म्याचा नंबर किंवा ऐकण्यातला दोष हेही कारण असू शकते. त्यानंतर बुद्धिमापन चाचणी आणि मग वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या होतात. या चाचण्या मूल ज्या माध्यमात शिकते त्या भाषेत व्हाव्यात असा आग्रह धरा, कारण मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी उताऱ्यावरून परीक्षा घेतली तर निष्कर्ष चुकतो. लालबागहून तुम्हाला शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा नायर रुग्णालय जवळ आहे. तिथे ही तपासणी होते, पण ती एका दिवसात आटोपत नाही, बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात. तुम्ही रात्रपाळी करत असाल किंवा रोजंदारीवर असाल तर त्या फेऱ्या कोण करणार, हे घरात आधीच ठरवा. शाळेचे पत्र, मागची प्रगतिपुस्तके आणि दोन-तीन विषयांच्या वह्या बरोबर न्या.

निदान झाले आणि प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेतल्या सवलतींचा मार्ग खुला होतो. महाराष्ट्रात अशा मुलांना सवलती देण्यास १९९६ मध्ये सुरुवात झाली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दर तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक या त्यांतल्या मुख्य सवलती. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याचाही पर्याय आहे, पण तो विचार करून घ्या, कारण पुढे विज्ञान किंवा तांत्रिक शिक्षणाकडे जायचे असल्यास तो आड येऊ शकतो. वर्गणीचा हिशेब तोंडी करणाऱ्या मुलाला कदाचित त्याची गरजही पडणार नाही. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाच्या वाशी येथील विभागीय कार्यालयाकडे जातो. दहावीचे वर्ष अर्धे सरल्यावर धावपळ करण्यापेक्षा नववीतच कागद तयार ठेवलेले बरे.

सवलतीने परीक्षा सोपी जाते, वाचन त्यामुळे सुधारत नाही. त्यासाठी विशेष शिक्षकाकडून उपचारात्मक शिकवणी लागते, आणि वर्गातही बरेच करता येते. त्याला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी टिपणाची छापील प्रत द्यावी, विज्ञानाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत आणि घटक चाचणीत निम्मे प्रश्न तोंडी विचारावेत. यासाठी शाळेला पैसा लागत नाही.

आता १७ नंबरच्या फॉर्मविषयी. शाळेबाहेर पडलेल्यांना खाजगीरीत्या परीक्षा देता यावी म्हणून तो मार्ग आहे आणि अनेक कष्टकरी मुलांना त्याने हात दिला आहे. रोज वर्गात येणाऱ्या मुलाला तिकडे ढकलण्याचे कारण बहुतेक वेळा दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक हे असते, आणि मला ते शिक्षणाच्या नावाला कमीपणा आणणारे वाटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीला ते संरक्षण उरत नाही, म्हणून तुम्ही स्वतः ठाम राहायला हवे. दाखल्यासाठी अर्ज लिहून देऊ नका. मुलाची तपासणी सुरू असल्याचे पत्र मुख्याध्यापकांना द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. "बाहेरून बसवा" हा सल्ला लेखी मागा. इतके करूनही दबाव आला तर शिक्षण निरीक्षकांकडे तक्रार करता येते. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन विभाग आहेत.

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलीने शाळेच्या समुपदेशक बाईंना आमच्या घरातल्या भांडणांबद्दल सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेने हजेरी घेताना तिला सर्वांसमोर विचारले, "काय गं, घरी आता ठीक आहे ना?" मुलगी घरी येऊन रडली आणि आता समुपदेशकांकडे जायला तयार नाही. मला मुलीचा राग आला नाही, शाळेचा आला. मी कोणाशी बोलू?
एक आई, कुर्ला

उत्तर : मुलीचा राग आला नाही हे तिला आवर्जून सांगा. घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून आपण चुकलो, असे तिला या क्षणी वाटत असणार.

वर्गशिक्षिकेने प्रश्न काळजीपोटी विचारला असेल, हे मी समजू शकते. तरी पन्नास-साठ मुलांसमोर विचारलेला तो प्रश्न म्हणजे मुलीच्या विश्वासाचा भंगच आहे आणि त्याची सुरुवात समुपदेशकांच्या खोलीत झाली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क मान्य करतो. शाळेतल्या समुपदेशनातही हाच संकेत पाळायचा असतो. मुलाच्या जिवाला धोका असेल, कोणी त्याच्यावर अत्याचार करत असेल किंवा त्याच्याकडून दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल, तेव्हा समुपदेशकाने योग्य व्यक्तीला सांगितलेच पाहिजे, आणि हे अपवाद पहिल्याच भेटीत मुलाला त्याच्या भाषेत समजावून द्यायचे असतात. आईवडिलांची भांडणे यात बसत नाहीत. वर्गशिक्षिकेला काही कळवणे गरजेचे होतेच, तर "या मुलीला काही दिवस थोडे सांभाळून घ्या" एवढे वाक्य पुरेसे होते आणि तेही मुलीला विचारून.

मुख्याध्यापकांची वेळ घेऊन भेटा, मुलीला बरोबर नेऊ नका. समुपदेशकांच्या नोंदी कुठे असतात, कुलूप कोणाच्या ताब्यात असते आणि शिक्षकांना त्यांतले काय सांगितले जाते, याचा लेखी नियम आहे का ते विचारा. शिक्षिकेला शिक्षा व्हावी असा आग्रह धरलात तर शाळा तिच्या बचावाला उभी राहील आणि नियमाचे बोलणे मागे पडेल.

तोवर मुलीला बोलायला कोणीतरी हवे. "टेली मानस" ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक तुम्हा दोघांच्याही उपयोगाचा आहे. घरातली भांडणे मिटणे तुमच्या एकटीच्या हातात नसेल, पण ती मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत तिच्यासमोर होणार नाहीत एवढे तुम्ही दोघांनी ठरवू शकता.

प्रश्न : मी सहायक शिक्षिका आहे. सहावीतल्या एका मुलीने मला सांगितले की शाळेत सोडणारा व्हॅनवाला तिला नको तिथे हात लावतो. मी लगेच मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, "आधी संस्थाचालकांशी बोलतो, तुम्ही कुठे बोलू नका." त्याला चार दिवस झाले.
एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : हे पत्र हाती आल्या दिवशीच मी तुम्हाला फोनवरून कळवले आहे. इतर शिक्षकांसाठी उत्तर इथे छापत आहोत.

थांबायचे नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, २०१२, म्हणजे पॉक्सो कायदा, याच्या कलम १९ प्रमाणे अशा अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितल्याने तुमचे कर्तव्य संपत नाही आणि संस्थाचालकांच्या परवानगीची अट कायद्यात कुठेही नाही. न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. शाळेने आधी "चौकशी" करून खरेखोटे ठरवायचे नसते, ते काम पोलिसांचे आहे.

मुलीला पुन्हा पुन्हा तीच हकिकत सांगायला लावू नका. तिने वापरलेले शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. तिच्या आईवडिलांना विश्वासात घ्या आणि ते पोलीस ठाण्याच्या नावाने घाबरले तर त्यांना सांगा की जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरे वाटेल अशा जागी घेतला जातो, तो शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती गणवेशात नसते. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावरूनही साहाय्य मिळते. मुलीचे नाव शिक्षकांच्या खोलीतसुद्धा उच्चारू नका. आणि त्या व्हॅनमधून इतर मुले आजही जात आहेत, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

प्रश्न : आम्ही दादरहून दिव्याला राहायला गेलो, पण मुलाला जुन्याच शाळेत ठेवले. गाडी उशिरा आली की शाळेचे फाटक बंद होते आणि मूल पहिली तासिका संपेपर्यंत रस्त्यावर उभे राहते. शाळा म्हणते, शिस्त म्हणजे शिस्त. आम्ही चुकतो आहोत का?
एक पालक, दिवा

उत्तर : तुम्ही चुकत नाही. गिरणगावातून आणि दादर-परळमधून दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांवरच आज अनेक जुन्या मराठी शाळांचे वर्ग टिकून आहेत, हे शाळाचालकांनी तरी विसरू नये.

बंद फाटकाबाहेर काय दिसते ते मी पाहिलेले आहे. जुलैत शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी आले होते. सहावीतला एक मुलगा पावणेआठला फाटकाशी पोहोचला. दप्तरावर प्लास्टिकची पिशवी, बुटांत पाणी, आणि डबा छातीशी धरलेला. त्या गर्दीच्या गाडीत उभे राहून तो दीड तास आला होता आणि त्या दिवशी त्याला शाळेत पोहोचण्याचीच शाबासकी द्यायला हवी होती. शिवाय शाळेच्या वेळेत मूल रस्त्यावर उभे असेल आणि त्याला काही झाले, तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला उत्तर नाही.

शाळेला असा नियम सुचवा : फाटक बंद होणार नाही, उशिरा आलेले मूल थेट आत येईल, नाव वहीत लिहिले जाईल आणि ते ग्रंथालयात बसेल. पुढच्या तासाला ते वर्गात जाईल आणि बुडालेल्या तासाची वही शेजारच्या बाकावरून मिळेल. महिन्यात पाचपेक्षा अधिक वेळा उशीर झाला तर वर्गशिक्षक पालकांना बोलावतील आणि कारण विचारतील. रेल्वे विस्कळीत असल्याच्या दिवशीचा उशीर त्यात मोजू नये. तुमच्या बाजूने, मुलाला आधीची गाडी पकडणे झेपते का ते पंधरा दिवस करून पाहा आणि तो साडेनऊला झोपेल अशी सोय करा. दिव्याहून येणारे तुमच्या वर्गात आणखी कोणी असतील, त्या सर्वांनी मिळून एकच अर्ज द्यावा.